पांढरीतले घर नव्याने बांधताना

मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन रंग सांगितले जातात: काळी आणि पांढरी. पीक येते ती काळी, घरे उभी असतात ती पांढरी. मातीची भिंत खचावी, तिच्याच मातीत नवी भिंत रचावी, असे पिढ्यानपिढ्या चालत आल्याने वस्तीखालची माती पांढुरकी होते. एका अर्थाने पांढर ही घरे पाडून पुन्हा बांधण्यातूनच तयार झालेली जमीन आहे. आज मात्र याच पांढरीत, म्हणजे कायद्याच्या भाषेत गावठाणात, जुने घर उतरवून त्या जागी नवे उभे करायचे तर निदान दोन अधिनियम, एक नियमावली आणि तीन-चार कार्यालये यांतून वाट काढावी लागते. पुणे शहराच्या हद्दीत आलेल्या आणि हद्दीला टेकलेल्या गावांत ही वाट सर्वांत गुंतागुंतीची आहे.

पहिला गैरसमज ‘जागा आमची, घर आमचे, आम्ही फक्त ते नवे करतो आहोत’ या वाक्यात असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. नवे बांधकाम तिच्यात येतेच. असलेली इमारत पाडणे, तिचा भाग पाडणे, जमिनीचा किंवा इमारतीचा वापर बदलणे हेही येते. तेव्हा पहार पहिल्यांदा भिंतीला लागते त्या क्षणी विकास सुरू झालेला असतो, आणि विकासाला परवानगी लागते. बाहेरच्या रूपाला धक्का न लावणारी आतली दुरुस्ती मात्र याच कायद्याने सोडून दिली आहे. फुटकी कौले बदलणे, गिलावा करणे, फरशी बसवणे, रंग देणे यासाठी कुणाच्या दारी जावे लागत नाही. अडचण होते ती या दोहोंच्या मधल्या कामांत. ‘दुरुस्ती’ म्हणून काम सुरू होते, एक भिंत उतरवल्यावर दुसरी आपोआप येते, आणि पावसाळ्यापूर्वी आटपायचे म्हणून चारही बाजूंनी आरसीसीचे खांब उभे राहतात. त्या घराला पुढे दुरुस्ती म्हणून कोणी मान्यता देत नाही. विनापरवानगी विकासाला याच अधिनियमाच्या कलम ५२ खाली कैद आणि दंड अशी शिक्षा आहे, आणि बांधकाम काढून टाकण्याची नोटीस त्याखेरीज वेगळी.

परवानगी मागायला गेले की पहिला प्रश्न येतो मालकीचा, आणि गावठाणातले कुटुंब बहुधा इथेच अडते. शेताचा सातबारा असतो. गावठाणातल्या घराचा नसतो. या उणिवेत गावकऱ्यांचा काहीही दोष नाही, तिचे मूळ ब्रिटिश महसूल व्यवस्थेत आहे. मुंबई इलाख्यातली सर्वेक्षणावर आधारलेली नवी जमीनमहसूल पद्धत सुरू झाली ती पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या हाताने. सरकारला हवा होता शेतसारा, म्हणून काळी मोजली गेली: प्रत्येक तुकड्याला क्रमांक, हद्दीचे दगड, प्रत, आकार. पांढरीवर शेतसारा नव्हता, म्हणून गावच्या नकाशात सगळे गावठाण एकाच रेषेत बांधलेला कोरा ठिपका होऊन राहिले. त्या ठिपक्यात कोणाची ओटी कुठे संपते आणि बोळ कुठे सुरू होतो हे गावाला ठाऊक होते, सरकारी कागदाला नव्हते. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावठाणाची हद्द ठरवण्याची आणि त्याच्या भूमापनाची तरतूद झाली. शहरांत आणि काही मोठ्या गावांत नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या. लहान गावे तशीच राहिली.

त्या गावांत घराचा म्हणून जो कागद असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा, म्हणजे घरपट्टीची आकारणी. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा. तो शेतजमिनीच्या खात्याचा, आणि नावाच्या सारखेपणामुळे दोन्हींची सतत गल्लत होते. नमुना ८ वर घराचे वर्णन असते, लांबी-रुंदी असते, कर भरणाऱ्याचे नाव असते. पण तो करवसुलीचा कागद आहे, मालकीचा दाखला नव्हे. तीस वर्षे घरपट्टी भरल्याच्या पावत्या दाखवल्याने ताबा सिद्ध व्हायला मदत होते. मालकी किंवा बांधकामाची वैधता त्याने आपोआप सिद्ध होत नाही. तरीही हा कागद जपावा असा आहे. गावठाणात ते घर केव्हापासून उभे आहे, केवढे होते, दगड-मातीचे होते की विटांचे, हे सांगणारा तोच बहुतेक वेळा एकमेव लेखी साक्षीदार असतो.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्नही पुणे जिल्ह्यातूनच सुरू झाला. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी या गावी ग्रामविकास विभाग, भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला. वरून काढलेल्या छायाचित्रांवर प्रत्येक मिळकतीची हद्द आखायची, गावात चुन्याने रेषा मारून ती लोकांसमोर पडताळायची, हरकती ऐकायच्या आणि मग सनद व मिळकत पत्रिका द्यायची, असा हा क्रम. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने याच धर्तीवर देशभरासाठी स्वामित्व योजना जाहीर केली. ज्या गावात हे भूमापन पूर्ण झाले आहे तिथे घर नव्याने बांधू पाहणाऱ्याचे निम्मे काम सोपे होते. मात्र चुन्याची रेषा मारली जात असताना घरातले कोणी हजर नसेल, तर चुकलेली हद्द पुढे नकाशावर पक्की होते आणि दुरुस्तीसाठी अपिलाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या भावंडांनी त्या एका दिवसासाठी गावी यावे, इतके त्याचे महत्त्व आहे.

मालकीनंतरचा प्रश्न: परवानगी द्यायची कोणी? साध्या खेड्यात गावठाणातल्या बांधकामावरचे नियंत्रण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ने पंचायतीकडे दिले आहे. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, जिल्हाधिकारी आणि नगररचना विभाग. पुण्याभोवती मात्र ३१ मार्च २०१५ रोजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, अस्तित्वात आले. मावळ, मुळशी आणि हवेली हे तालुके आणि भोर, दौंड, शिरूर, खेड, पुरंदर, वेल्हे यांचे भाग त्याच्या कक्षेत आले. आंबेगाव, जुन्नर, बारामती, इंदापूर बाहेर राहिले. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोन सारख्या घरांचे अर्ज दोन निराळ्या दिशांना जातात.

खुद्द शहराच्या हद्दीत हा प्रश्न आणखी वळणे घेतो. १९९७ मध्ये महापालिकेत अडतीस गावे आली आणि त्यातली काही नंतर वगळली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये लोहगाव, धायरी, उंड्री, शिवणे, उत्तमनगर, फुरसुंगी, उरुळी देवाची यांसह अकरा गावे आली. त्यातल्या शेवटच्या दोन गावांसाठी २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषदेची अधिसूचना निघाली. ३० जून २०२१ रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी, खडकवासला, नांदेड आदी तेवीस गावे समाविष्ट झाली. या तेवीस गावांपुरते नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारने पीएमआरडीएला नेमले. घरपट्टी महापालिकेला, कचरा-पाणी महापालिकेचे आणि घराचा नकाशा मात्र आकुर्डीला पीएमआरडीएच्या कार्यालयात, अशी वाघोलीच्या माणसाची अवस्था झाली. हद्दवाढीपूर्वी ग्रामपंचायतीने दिलेली परवानगी, तिची मुदत, तिच्यावर सुरू झालेले काम हे सगळे अशा बदलात संशयाच्या छायेत येते. म्हणून समाविष्ट गावातल्या माणसाने जुनी परवानगी असेल तर तिची मूळ प्रत, शिक्क्यासह मंजूर नकाशा आणि शुल्काची पावती एकत्र जपून ठेवणे हे अत्यंत मोलाचे. ग्रामपंचायतीचे दप्तर महापालिकेकडे जाताना काय पोचते आणि काय हरवते, याची हमी घरमालकाला कोणी देत नाही.

नियम मात्र आता बहुतेक सर्वत्र एक आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, नवी मुंबई विमानतळाभोवतीचे ‘नैना’ क्षेत्र, गिरिस्थान नगरपरिषदा, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित प्रदेश वगळता ती साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे. घर गावठाणाच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, यावर या नियमावलीत पुष्कळ काही अवलंबून आहे. गावठाण आणि शहरातल्या जुन्या पेठा यांना ‘दाट वस्तीचे क्षेत्र’ धरले जाते आणि तिथे अरुंद रस्त्यांवरही मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, दीड मिळतो. रेषेच्या बाहेर, नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर, तो १.१० वर येतो. गावठाणात शेजारच्या हद्दीपासून सोडायच्या जागेबाबतही सवलती आहेत, कारण तिथली घरे भिंतीला भिंत लावूनच उभी राहिलेली असतात.

याचा अर्थ जुने घर होते तसेच्या तसे पुन्हा बांधता येईल असा नव्हे, आणि इथेच बहुतेक कुटुंबांची निराशा होते. समजा, जागा बोळावर नऊ मीटर रुंद आणि आत बारा मीटर खोल आहे. क्षेत्र १०८ चौरस मीटर. जुने घर या संपूर्ण जागेवर पसरलेले होते आणि ओटा थेट बोळात उतरत होता. बोळ तीन मीटरचा. साडेचार मीटरहून अरुंद बोळ असला तर त्याच्या मध्यरेषेपासून सव्वादोन मीटर अंतर सोडावे लागते. बोळाचा अर्धा भाग दीड मीटर; म्हणजे घराला आणखी पाऊण मीटर मागे सरावे लागणार. नऊ मीटर रुंदीवर पाऊण मीटर म्हणजे पावणेसात चौरस मीटर, साधारण एका लहान स्वयंपाकघराएवढी जागा तळमजल्यावर जाते. दीड एफएसआयने एकूण १६२ चौरस मीटर बांधता येतात, म्हणून वरच्या मजल्यावर ती भरून निघते. पण घरात जिना न चढणारी आजी असेल, गोठा असेल किंवा तळमजल्यावर पिढीजात दुकान असेल, तर वर मिळालेली जागा खाली गेलेल्या जागेची बरोबरी करत नाही. तरीही हा नियम सोडून देण्याजोगा नाही. आग लागली किंवा कोणाला अटॅक आला तर बंब किंवा रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी अडते, हे गावठाणातल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. प्रत्येक नवे घर पाऊण मीटर मागे सरले तरच एका पिढीत बोळ रुंद होतो; दुसरा मार्ग म्हणजे पाडापाडी.

इंग्लंडमध्ये हरित पट्ट्यातले जुने घर पाडून नवे बांधायचे तर माप धरले जाते ते जुन्या घराचे: नवे घर जुन्यापेक्षा ठळकपणे मोठे नसावे. महाराष्ट्रात माप धरले जाते भूखंडाचे आणि समोरच्या रस्त्याचे. म्हणून इथे एकमजली कौलारू घराच्या जागी तीन मजले कायद्याने उभे राहू शकतात, आणि जुने घर पूर्ण जागेवर असले तरी त्याचा ठसा जसाच्या तसा परत मिळत नाही. जुने घर होते याचा पुरावा लागतो तो आकारासाठी नव्हे, तर ती जागा निवासी आहे, आपली आहे आणि बोळ कुठवर होता हे सांगण्यासाठी. म्हणून घर उतरवण्यापूर्वी सरकारी मोजणी करून घ्यावी, चारी बाजूंची छायाचित्रे काढावीत, ओटा, पायरी, न्हाणीचे पाणी जाण्याची वाट, शेजारच्या भिंतीला लागलेल्या तुळया हे सारे नोंदवावे. एकदा दगडमातीचा ढीग झाला की चतुःसीमा सांगणारे काहीच उरत नाही, आणि दोन्ही बाजूंचे शेजारी आपापल्या आठवणीवर ठाम राहतात.

शेजारी हा या प्रकरणातला सरकारइतकाच मोठा पक्ष आहे. गावठाणातल्या खणांच्या घरांत भिंती सामाईक असतात. एकाची तुळई दुसऱ्याच्या भिंतीत शिरलेली असते. एकाने घर उतरवले की दुसऱ्याची मातीची भिंत उघडी पडते आणि पहिल्याच पावसात फुगते. नव्या पायाचे खोदकाम त्या भिंतीच्या बुडाशी चालते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने टेकू देण्याची पद्धत आधी ठरवणे, पाया टप्प्याटप्प्याने खोदणे आणि शेजाऱ्याशी लेखी समजूत करून ठेवणे यात जीवही वाचतात आणि वर्षानुवर्षांचे दावेही. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षे अखंड उपभोगलेली वहिवाट, उजेड किंवा पाण्याची वाट हक्क ठरू शकते. महापालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून तो हक्क संपत नाही. मंजूर नकाशा सरकारपुरता असतो. दोन शेजाऱ्यांमधला वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.

घरातल्या घरातही तसेच. उताऱ्यावर बहुधा आजोबांचे नाव असते. त्यांच्या मागे मुलगे, मुली, दिवंगत मुलाची बायको-मुले असे सगळे वारस ठरतात. वारसनोंद करून सर्वांची संमती घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही ‘औपचारिकता’ म्हणून मागितली जाते. तिचा हिस्सा खरा असतो आणि सही करण्यापूर्वी तिला नकाशा समजावून सांगितला जाणे हा तिचा हक्क आहे. जागा विस्तारित गावठाणातली किंवा पुनर्वसनात मिळालेली असेल तर ती भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरावर बंधने असलेली, आहे का, आणि वाटपाच्या अटी काय, हे आधी पाहावे लागते.

मग स्थळाची बंधने. मुळा, मुठा, मुळा-मुठा, इंद्रायणी यांच्या काठच्या गावठाणांना पूररेषा लागू होतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये नव्या बांधकामाला जवळपास बंदी. जुन्या अधिकृत घराच्या जागी नवे बांधण्याची वाट पाटबंधारे विभागाच्या ना हरकतीने आणि जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर घेऊनच निघते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून काय झाले हे पुण्याला कोणी सांगायला नको. जुन्नरला शिवनेरीच्या किंवा मावळात कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरात बंधन वेगळे आहे: केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई, त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण. शंभर मीटरच्या आत जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने होते, पण पाडून नवे बांधणे होत नाही. पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या वाड्यांची कोंडी याच नियमाने झाली आहे. अशा जागी घर पाडून टाकणे ही भरून न येणारी चूक ठरते, कारण दुरुस्त करता आले असते ते घरच उरत नाही. लोहगावात हवाई दलाच्या तळामुळे आणि खडकवासल्याकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळे संरक्षण खात्याच्या मर्यादा तपासाव्या लागतात.

मळ्यात, शेतातल्या वस्तीवर असलेले घर हा निराळा प्रकार. तिथे गावठाणाची कुठलीच सवलत नाही. शेतकऱ्याला शेतजमिनीत शेतघर बांधण्याचा हक्क जमीन महसूल संहितेत आहे, पण क्षेत्राच्या आणि शहरापासूनच्या अंतराच्या अटींसह. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत जमीन असेल आणि योजनेत ती निवासी दाखवली असेल, तर संहितेच्या कलम ४२-ड ने स्वतंत्र बिनशेतीची परवानगी न घेता रूपांतरण कर व अन्य देणी भरून ती बिनशेती मानली जाते. वाढलेल्या कुटुंबातल्या एका भावाने गावठाणातले जुने घर घ्यावे आणि दुसऱ्याने या पट्ट्यात बांधावे, ही वाटणी त्यामुळे शक्य होते.

प्रत्यक्ष अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन जातो. सोबत मालकीचा कागद, मोजणी नकाशा, जुने बांधकाम दाखवणारा आणि नवे सुचवणारा असे नकाशे, संरचनेचा दाखला. लहान घरांसाठी नियमावलीने जोखमीनुसार सोपी वाट ठेवली आहे. ग्रामीण भागासाठी २०२१ मध्ये जाहीर झाले त्याप्रमाणे सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे १५० चौरस मीटर भूखंडावरील, घराला कागदपत्रे, नियमानुसार असल्याचा परवानाधारकाचा दाखला आणि शुल्क ग्रामपंचायतीकडे दिले की पुरते. त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने शुल्काची खातरजमा करून दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे. वरच्या उदाहरणातली १०८ चौरस मीटरची जागा खेड्यात असती तर पहिल्याच गटात बसली असती. ही सवलत नियमांतून सूट देत नाही. बोळाचे अंतर तितकेच सोडायचे. फक्त ते सोडले आहे याची जबाबदारी सही करणाऱ्या इंजिनिअरवर आणि मालकावर येते.

नेहमीच्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर आले नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ ने परवानगी मिळाली असे मानले जाते. या ‘मानीव’ परवानगीवर विसंबून अनेकजण पुढे जातात. पण नकाशा नियमांत बसत नसेल तर अशी परवानगी कामाला अनधिकृत ठरण्यापासून वाचवत नाही. नकार आला तर कलम ४७ खाली चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. नकारपत्रात कारणे लेखी असली पाहिजेत, आणि ती नसतील तर मागून घ्यावीत. मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते. दरवर्षी वाढवत एकूण आणखी तीन वर्षे. पैशांची जमवाजमव करत टप्प्याटप्प्याने बांधणारे कुटुंब ही तारीख विसरले आणि काम जोत्यापर्यंत आलेले नसेल, तर सारा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

काम जोत्यापर्यंत आले की जोते तपासणी होते. बोळाच्या मध्यरेषेपासूनचे सव्वादोन मीटर इथेच फीत लावून मोजले जातात, आणि चूक असेल तर ती दुरुस्त करण्याची ही शेवटची स्वस्त संधी असते. घर पुरे झाल्यावर आर्किटेक्टच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह भोगवटा प्रमाणपत्र मागायचे. गावठाणात बहुतेक कुटुंबे हा टप्पा सोडतात, कारण गृहप्रवेश झालेला असतो, वीज जुन्याच मीटरवर चालू असते. पुढे घर तारण ठेवून कर्ज काढताना किंवा वाटणीपत्र नोंदवताना पहिल्यांदा त्याची मागणी होते. प्रमाणपत्र हाती आले की घरपट्टीच्या नोंदवहीत जुन्या दगडमातीच्या घराचे वर्णन खोडून नव्याचे क्षेत्र चढते, आणि मिळकत पत्रिका असेल तर तिच्यावर वारसांची नावे आलेली आहेत ना, हे भूमी अभिलेख कार्यालयात एकदा पाहून घ्यायचे असते.